तळघराच्या जिन्याचा कठडा

मंडळी, आज दुपारपासून माझं मन थाऱ्यावर नाही.

परंड्यात आम्ही एक जुनं बैठं घर घेतलंय. सध्या त्याची डागडुजी चालू आहे. खालच्या तळघरात मी सुतारकामाची जागा करतोय. मोठं टेबल जिन्यातून उतरेना, म्हणून सकाळी मी कठडा काढला. टेबल खाली गेलं, पण कठडा परत लावायचा राहिला.

आणि आनंदाच्या भरात मीच वडिलांना हाक मारली, "अण्णा, खाली या, बघा तरी."

अण्णांनी आधाराला हात टाकला, तिथं काहीच नव्हतं. ते पायऱ्यांवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात आईनं विचारलं, "कसं काय पडलात?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "पाय घसरला माझाच. वय झालं आता."

वय झालं असं अण्णा आजवर कधीच म्हणाले नव्हते.

आत्ता आई त्यांना भरवतीय आणि बोलतीय, "वय झालंय हे कळतंय, तर तळघरात उतरलात कशाला?" मी खरं सांगायला उठलो, तर अण्णांनी डोळ्यांनीच गप्प बसवलं. मी बसलोसुद्धा.

तुम्ही असता तर बसला असता का?