बरडातले दगड

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही रामपायलीला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी भर पंगतीत मला विचारलं, "जवाईबापू, तुमचं वावर कुठं हाय?"

माझं शेत-वावर कुठंच नव्हतं आणि हे त्यांना लग्न ठरतानाच माहीत होतं. बालाघाटात माझं भांड्यांचं दुकान होतं. डोक्यावर गंज, म्हणजे मोठी पातेली, आणि पराती घेऊन बाजारोबाजार फिरलो, तेव्हा कुठं ते उभं राहिलं होतं. पण धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, असलेल्या माणसाला दुकान दिसत नाही. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "भांडेच पेरत असतीन जी!" सगळी पंगत हसली. मी ताटावरून उठलो. माझा राग तसाच आहे; तो यायला वेळ लागत नाही आणि जायला वर्षं लागतात.

मला वाटलं होतं, बायको मलाच बोलेल. बसमध्ये ती वारासिवनीपर्यंत खिडकीबाहेरच्या बांध्या पाहत होती. मग म्हणाली, "आता आपल्या घरचा दाणा घेऊनच माहेरी जाईन. तवर नाही."

"अन् दाणा झालाच नाही तं?"

"तं नाही जाणार."

ती तिच्या बापाचीच लेक होती. बोलली म्हणजे बोलली. तिची आई एसटीडीवरून दुकानात फोन करायची, सणाला बोलवायची, रडायची. ही इकडे डोळे पुसायची आणि फोनवर सांगायची, "येते ना आई, थोडी सवड होऊ दे."

जमीन घ्यायचीच असं मी ठरवलं. खालच्या धानपट्ट्यातली परवडणारी नव्हती. घाट चढून वर बैहरच्या बाजूला पठार लागतं. तिथल्या बाजारांत मी दुकान लावायचो. तिथं बदली होऊन चाललेल्या एका मास्तरांची जमीन निघाली. तांबूस माती, ती जेमतेम वीतभर, खाली मुरूम, आणि वर जिकडे पाहावं तिकडे काळे दगड. मुठीएवढे, लिंबाएवढे, काही नारळाएवढे. काहींना बारीक भोकं, तर काही फोडले की आत पांढऱ्या गारा चमकायच्या. अशा जमिनीला आम्ही बरड म्हणतो. मास्तर म्हणाले, फार पूर्वी पृथ्वीच्या पोटातला रस इथं वाहत आला आणि गोठला, त्याचे हे दगड. मी म्हटलं, "मास्तर, गोष्ट चांगली आहे, पण भाव दगडाचाच लावा." तीन वेळा उठून बसस्टँडपर्यंत गेलो, तिन्ही वेळा मास्तरांनीच हाक मारली, तिसऱ्यांदा भाव जुळला.

मी जन्माने खालच्या राजेगावकडचा. आमच्या बांधीत खडा सापडला तर माणूस तो उचलून बांधाबाहेर फेकतो, चालता चालता, मनातही न आणता. बरडावर उभं राहून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? घर झाडायला घ्यावं तसं वाटलं. चैत-वैशाखात चार बाया लावून मी सगळं वावर वेचलं. शेजारी एका म्हाताऱ्या गोंड बाईचं शेत होतं. तिला सगळे दाई, म्हणजे आई, म्हणत. ती बांधावर बसून रोज पाहायची. एक दिवस म्हणाली, "काहे बीनत हस बेटा? पथरा तो माटी के कंबल आय."

वेचतोस कशाला, दगड म्हणे मातीचं कांबळं! मला वाटलं, हिला माझी स्वच्छ जमीन बघवत नाही. मी म्हटलं, "दाई, तुम अपना खेत देखो." ती हसली आणि तिनं तंबाखू मळायला घेतली.

जवळच रस्त्याचं काम चालू होतं. ठेकेदाराच्या मुनशीला मी ते सगळे दगड विकले. तो न्यायला तयार नव्हता, मीच गळ्यात मारले. घरी येऊन बायकोला सांगितलं, "वावर साफ केलं ते केलं, कचऱ्याचेबी पैसे केले." त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

पाऊस आला. आम्ही कुटकी पेरली होती, ती बारीक दाण्याची, वरईसारखी दिसणारी. उघड्या मातीवर सरी आदळल्या. वीतभर माती, त्यातली मऊ तेवढी ओघळून नाल्याला गेली. राहिली तिच्यावर ऊन पडताच खापरासारखी पापडी धरली. पुढचं पाणी आत मुरेनाच. भादव्यात दहा दिवस उघडीप पडली, तर माझी कुटकी पिवळी होऊन वाकली. बांधापलीकडे दाईचं शेत दगडांनी भरलेलं आणि हिरवंगार. तिनं मला हाताने बोलावलं. एक दगड उचलून दाखवला. खालची माती काळसर, ओली, थंड. त्यात एक गांडूळ वळवळत होतं.

त्या दिवाळीलाही बायको गेली नाही. तिनं मला दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. 

दिवाळीनंतर मी मुनशीकडे गेलो. माझे दगड रस्त्याच्या कडेला तसेच ढीग लावून पडले होते. ते परत मिळतील का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. पण तोही मुरलेला होता. पान थुंकून म्हणाला, "सेठ, आप ही तो कचरा बोलके दे गए थे."

"वही कचरा वापस माँग रहा हूँ, मुनशीजी."

"जब आपका था तब कचरा था. अब ठेकेदार का माल है."

मी तापलो. म्हटलं, ठेव तुझे दगड उशाला घेऊन! आणि चालू लागलो. त्यानं हाक मारली नाही. मी पुलापर्यंत गेलो, तिथं विडी ओढली, मागं पाहिलं. तरी हाक नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून परत फिरलो. मनात बायकोचा फोनवरचा आवाज होता.

परत येताना मजुरांची चूल दिसली. माती वाहायच्या लोखंडी घमेल्यात डाळ शिजत होती. एक मजूर शिव्या देत तिच्यातला खडा काढत होता. माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मुनशीजी, गंज कहाँ गया इनका?"

"फूट गया. ठेकेदार नया देता नहीं, ये लोग मेरी जान खाते हैं."

अर्ध्या तासात सौदा झाला. अल्युमिनियमचे दोन मोठे गंज माझे, दगड त्याचे, ट्रॉलीही त्याची. तो म्हणाला, "और ढक्कन?" मी म्हटलं, झाकणाचं बोलणं झालेलं नाही. शेवटची ट्रॉली त्यानं त्या झाकणांसाठी अडवून धरली. मी झाकणं दिली, पण त्याच ट्रॉलीच्या माणसांकडून दगड वावरभर पसरवून घेतले.

दाई पुन्हा बांधावर येऊन बसली होती. नारळाएवढे दगड तिनं बांधाला लावायला सांगितले आणि मुठीहून लहान तेवढे आत पसरायला लावले. सगळं पठार मला पाहायला आलं होतं असं मला तरी वाटलं. "पथरा बोवत हे!" कोणीतरी ओरडलं. दगड पेरतोय म्हणे. या वेळी मीही हसलो.

त्या पावसाळ्यासारखा पावसाळा मी पाहिला नाही. सर आली की पाणी दगडांच्या फटींतून चर्र आवाज करत आत जायचं. सर थांबली की तासाभरात आम्ही चपला घालून वावरात फिरायचो. खाली राजेगावला त्याच वेळी गुडघाभर चिखल. भादव्यात पुन्हा उघडीप पडली. सातव्या दिवशी बायकोनं खाली बसून एक दगड उचलला, आत बोट घातलं, आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो जागच्या जागी ठेवला. मग दुसरा उचलला, मग तिसरा. "अजी, इथंबी ओलं हाय! इथंबी!" वावरभर ती अशी फिरली. बाजाराचा दिवस होता, दुकान लावायचं राहून गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

कुटकी झाली. फार नाही, पण आमची झाली. दाईच्या घरी कांडून घेतली, बायकोनं तीन दिवस बसून वेचली, एक खडा राहू दिला नाही. दिवाळीला रामपायलीच्या बसमधून उतरताना थैली तिनं कोणाच्या हाती दिली नाही. आई दारातच गळ्यात पडली तर मधे थैली आली, म्हणून दोघी हसायला लागल्या आणि मग रडायला लागल्या.

सासऱ्यांनी दाणे तळहातावर घेतले, फुंकले, पुन्हा पाहिले. कुटकीचा भात झाला. ते जेवले, दुसऱ्यांदा मागितला, आणि लेकीला म्हणाले, "काहून गं, दगडात हे पिकलं तरी कसं?"

मी बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. पण दोन वर्षं तिनं हे माहेरी सांगायचं टाळलं होतं. तिनं सगळं सांगून टाकलं: वेचलेले दगड, मुनशी, गंज, झाकणं. सासरे असे हसले की त्यांना ठसका लागला. "विकले अन् पुन्हा घेतले! जवाईबापू, तुम्ही तं मोठे व्यापारी निंगाले!"

"मामाजी, कुटकी कशी लागली ते सांगा ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"हौ, चांगली हाय," ते म्हणाले आणि पुन्हा हसत सुटले. संध्याकाळपर्यंत गावातली दहा माणसं दगडांची गोष्ट ऐकायला ओट्यावर आली. कुटकीबद्दल त्यांतल्या एकालाही त्यांनी सांगितलं नाही. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

बायको दोन दिवस राहणार होती. तिसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून केस विंचरून घेत होती. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाली, "मी येते आठवड्यानं." सासूबाईंनी माझ्या हातात करंज्यांचा डबा दिला. सासरे बसपर्यंत पोचवायला आले आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून माझी ओळख करून देत राहिले.