काजेवालीचे डोळे

गल्लीत तिला सगळे काजेवाली म्हणतात. आसपासच्या शिंप्यांचे शर्ट तिच्या खिडकीत येतात आणि बटणांची काजं होऊन परत जातात. मशीनची काजं उसवतात, हिची शर्ट फाटला तरी टिकतात, असं शिंपीच सांगतात.

लहानपणी ती एका आजारातून कशीबशी वाचली. तेव्हा आईवडिलांनी, बहुतेक घरांत करतात तशी, तिची जोड करवून घेतली. म्हणजे तिच्याच पेशीपासून वाढवलेली, हुबेहूब तिच्यासारखी, वयाने दहा वर्षांनी लहान मुलगी. थोरलीचा एखादा अवयव गेला तर तो हिच्याकडून घ्यायचा. सरकारदरबारी ती ‘जोड’, घरात ‘धाकटी’.

अशा मुलीच्या अंगावर ओरखडासुद्धा चालत नाही. म्हणून धाकटीला सुई, सुरी, शेगडी बंद. साय तिच्या वाटीत, छत्री तिच्या डोक्यावर. थोरली बोटं टोचून घेत काम शिकत होती आणि तशीच दहा बोटं त्याच घरात लोण्यासारखी मऊ राहत होती.

“मी काय सावत्र आहे?” थोरली विचारायची.

“अगं, तुझ्यासाठीच तर जपतेय तिला,” आई म्हणायची.

“मग माझ्यासाठी मलाच जप की!”

वयात आल्यावर धाकटीला सगळं सांगण्यात आलं. ती रडली नाही. “ताई, तू सांभाळून राहा गं,” एवढंच म्हणाली. थोरलीला त्यातही खोच दिसली. “बघा, हिला काळजी स्वतःची!”

चाळिशीच्या आतच थोरलीच्या बुबुळांवर पांढरी झाक चढली. सुईत दोरा जाईना. डॉक्टर म्हणाले, “घरी जोड आहे ना? मग घोर कसला? बुबुळं बदलून टाकू.” सही फक्त थोरलीची हवी होती. धाकटीला कोणी विचारतच नाही.

ठरल्या दिवशी तिघी दवाखान्यात गेल्या. जिन्यापाशी आया म्हणाली, “पायऱ्या आहेत, पेशंटचा हात धरा.” आईने चटकन हात धरला, तो धाकटीचा. थोरली भिंत चाचपत चढली.

“आजी, पेशंट मागे राहिली की!” आया हसली.

“इतक्या वर्षांची सवय,” आई ओशाळली.

वर टेबलावर थोरलीच्या हातात पेन दिलं. तिने ते खाली ठेवलं.

“वेड लागलंय का तुला? आंधळी होशील! पोट कशावर भरशील?” आई ओरडली.

“हिचे डोळे लावून घेतले, तर जन्मभर माझ्या तोंडाकडे बघशील आणि तुला हीच दिसेल. समोर उभी असते तेवढी पुरे. माझ्या चेहऱ्यात आणून बसवू नकोस.”

धाकटीने आईच्या हातातून हात सोडवून घेतला.

गल्लीत बातमी पसरली. केवढं मोठं मन, असं बायका म्हणाल्या. “मन कसलं डोंबलाचं,” काजेवाली म्हणाली, “जळफळाट आहे नुसता.”

जिच्यासाठी जोड केली तिनेच सही नाकारली की जोडीवरची बंधनं उठतात. आता काजेवाली चाचपून काजं घालते आणि धाकटी सुईत दोरा ओवून देते. पहिल्याच दिवशी धाकटीच्या बोटात सुई घुसली. जन्मातली पहिली जखम. आई हातातलं काम टाकून कापूस घेऊन धावली.

काजेवालीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“आई,” ती म्हणाली, “माझंही बोट टोचलंय.”

टोचलं नव्हतं.