कुलूप लावलेला प्रार्थनेचा ग्रुप

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आले आणि नवऱ्याला हाक मारली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो. परत येईल, पण कधी आणि किती, ते सांगता येणार नाही. मी दुसऱ्यांना धीर देणारी बाई, पण खरं सांगते, त्या दिवशी मला प्रभूचा राग आला. माझ्याकडे गाता गळा नाही, मोठं शिक्षण नाही. सेवेला वाहावं असं एक बोलणंच तेवढं होतं, आणि नेमकं तेच त्याने काढून घेतलं होतं.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त नगरकडून झाशीला आले आणि इथलेच झाले. घरात आमची मराठी, तीही माझ्या मुलीला समजते पण ती उत्तर देते हिंदीत. सिपरी बाजारातल्या आमच्या चर्चची उपासना अर्थातच हिंदीत. तिथे मोबाइल स्टँडवर लावून रविवारची उपासना घरोघरी पोचवायची, हे काम माझं. शिवाय ज्यांना चर्चला येणं जमत नाही अशा आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी मी फोनवर प्रार्थनेचा एक ग्रुप काढला होता. रोज सकाळी सातला तीन मिनिटांची प्रार्थना रेकॉर्ड करून टाकायची, एकेकाचं नाव घेऊन. पाच वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आणि या ग्रुपला मी कुलूप लावून ठेवलं होतं. संदेश फक्त मीच पाठवू शके. लोक गुलाबाची फुलं पाठवतात, चुकून बटण दाबून स्वयंपाकघरातली भांडणं ऐकवतात, हे मला खपत नसे. नवरा चिडवायचा, "अगं, हा प्रार्थनेचा ग्रुप आहे की शाळेचा वर्ग?" मी म्हणेन ती पूर्व दिशा, असा तो कारभार होता.

मी मुकी झाले आणि ग्रुपही मुका झाला. घरी आल्यावर पास्टरजी भेटायला आले, म्हणाले, "दीदी, ग्रुप खोल दीजिए, तब तक कोई और प्रार्थना कर लेगा." मी कागदावर लिहिलं, "मैं ठीक होकर करूँगी." त्यांनी वाचलं, मान हलवली आणि निघाले. लोकांना नीट जमणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरी भीती वेगळी होती. त्यांना जमलं तर माझं काय उरणार? बारा दिवस कोणाच्याच फोनवर प्रार्थना गेली नाही. आणि मलाही प्रार्थना करता येईना. देव मनातलं ऐकतो हे मी शेकडो वेळा इतरांना सांगितलेलं, पण माझं मनच गप्प झालं होतं.

तेराव्या दिवशी दुपारी नवरा औषधं आणायला गेला होता. एका अनोळखी नंबरावरून दोन रेकॉर्डिंग आली. पहिल्यात एका म्हातारीचा आवाज, अस्सल बुंदेली, धाकट्या बहिणीला म्हणावं तसं मला 'बिन्ना' म्हणणारा. "बिन्ना, हम टहरौली सें बोल रए. ग्रुप में तो हमाओ कछू जातई नईंयाँ, सो तुमई खों भेज रए. जब हमाई आँख को ऑपरेशन भओ तो, जेई सुन कें धीर बँधो तो. अब तुम सुन लो." दुसरं लावलं तर त्यात मीच बोलत होते. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी केलेली प्रार्थना. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. आमच्या चर्चला येणाऱ्या तिच्या भाचीने तिचा नंबर ग्रुपमध्ये घातला होता एवढंच; माझ्या आवाजाचंही तिनेच कळवलं असणार. माझ्याच आवाजात मी ऐकलं, "प्रभु, अम्माजी डरें नहीं. उनसे बोला न जाए, तब भी तू उनके पास बैठ." मी ते साफ विसरले होते. मी बसल्या जागी रडले, आणि त्या रडण्यातच कितीतरी दिवसांनी माझी प्रार्थना झाली.

डोळे पुसून मी ग्रुपचं कुलूप काढलं. तासभर कोणी काहीच पाठवलं नाही; बहुतेक कोणाचा विश्वासच बसला नसावा. मग टहरौलीच्या अम्माजींनी सुरुवात केली. त्यांच्यामागून इथल्याच दतिया गेट भागातले एक म्हातारे मास्तर, मग आणखी कोणी. कुठे कुकरची शिट्टी, कुठे बकरीचं ओरडणं, एकाची प्रार्थना नऊ मिनिटांची. गुलाबाची फुलंही आलीच! पुसून टाकायला माझी बोटं शिवशिवत होती, पण एकही पुसलं नाही.

त्या रविवारी गळ्याला ओढणी गुंडाळून मी चर्चमध्ये बाकावर बसले. स्टँडमागे माझ्याऐवजी दुसरं कोणी होतं. पास्टरजींनी ग्रुप उघडून आपला फोन स्पीकरला जोडला आणि म्हणाले, आज घरी असलेले लोक आपल्यासाठी प्रार्थना करतील. अम्माजींचा आवाज अख्ख्या चर्चमध्ये घुमला. "प्रभु, हमाई बिन्ना सें बोलो नईं जात. आज ऊकी तरफ सें हम बोल रए, तुम सुन लइयो." सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझे फक्त ओठ हलले, पण त्या क्षणी मला कशाचीच उणीव वाटली नाही. प्रभूने माझ्याकडून काही काढून घेतलं नव्हतं. मीच मुठीत आवळून धरलेलं त्याने अलगद सोडवलं होतं.

आता आवाज आला आहे, पूर्वीच्या निम्मा. त्याबद्दल आणि त्या मुकेपणाबद्दलही मी त्याचे उपकार मानते. रविवारी शास्त्रवाचनाला उभी राहते तेव्हा पाच-सहा वचनांत गळा बसतो. मग मी बोट ठेवून जागा दाखवते, पुस्तक शेजारच्या बाईच्या हातात देते आणि ती पुढचं वाचते.