ऑटोवर राहिलेली मोटार

आमच्या लॉनवरचं पहिलं लग्न लॉनवर लागलंच नाही.

चोपडा रस्त्याला आमची केळीची शेती आहे. त्यातले दोन एकर मोकळे करून मी आणि माझी बायको मनीषा, आम्ही लग्नाचं लॉन काढलं. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, ते पहिल्या दिवसापासून डोक्यात गेलं होतं.

"सोनासारखी जमीन गवतले दी टाकी! म्हैस बी खाई का हाई गवत?"

शेवटी तह झाला. "पहिलं लगीन नीट व्हयनं ते ठीक," आबा म्हणाले, "नही ते मी नांगर फिरावसू अन् केळी लावसू!" (आबा बोलतात ते करतात. आमच्या घरातली ही जुनी अडचण आहे.)

पहिलं लग्न ठरलं. नवरी जामनेरकडची, नवरदेव दोंडाईच्याचा, मुहूर्त एप्रिलातल्या भर दुपारचा. गवत हिरवंगार दिसावं म्हणून केळीच्याच मोटारीवर मी लॉनचे स्प्रिंकलर जोडून टाकले. डोकं किती चालतं बघा!

शेतीची लाईट आपल्या मर्जीने येते. म्हणून आम्ही मोटार कायम ऑटोवर ठेवतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. झोपेतही आमचा हात ऑटोकडेच जातो.

"अहो, आज ऑटो बंद ठेवायचाय हं," मनीषा सकाळपासून बजावत होती. शेवटी तिने स्वतः जाऊन तो बंद केला. नीट केलाय ना, हे बघायला मुहूर्ताआधी मी गेलो. केला होता. मी समाधानाने बोर्डाचं झाकण लावायला घेतलं आणि निघता निघता, सवयीने, ऑटो चालू केला.

दुसरी मंगलाष्टका सुरू होती. पाइपातून खाकरल्यासारखा आवाज आला.

"लाईट उनी!" मागून कोणीतरी आनंदाने ओरडलं. अर्धी वऱ्हाडी मंडळी शेतकरीच, त्यांचे चेहरे आधी खुलले. मग गवतातून एकदम सगळे स्प्रिंकलर उठले!

"पानी कोठेन ई ऱ्हायनं?"

"बठ्ठा वल्ला व्हई ग्यात ना भो!"

पाण्यावर भागलं असतं तर मी नवसाचा नारळ फोडला असता. पण थोड्या वेळाने पाण्याचा रंग बदलला. पाठोपाठ वास आला. आबांनी केळीसाठी, त्याच मोटारीला जोडलेल्या खताच्या टाकीत, जीवामृत भरून ठेवलं होतं. (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन. जमिनीला फार चांगलं. शेरवानीला नाही.)

"अरे, जीवामृत शे ते!" आबा कळवळून ओरडले. "बठ्ठं वाया जाई ऱ्हायनं!"

मी मोटारीकडे धावलो आणि वाटेत दोनदा पडलो. मोटार बंद करून आलो तर लॉनवर फक्त भटजी, नवरी, मनीषा आणि रिकाम्या खुर्च्या. वऱ्हाड आडोशाला केळीत घुसलं होतं. नवरदेवासकट!

"मुहूर्त चाललाय!" भटजी म्हणाले.

मनीषाने माइक घेतला. "नवरदेवांनी जिथे असतील तिथून आवाज द्यावा!"

केळीतून चार ठिकाणांहून ओ आली. (नवरदेवाचे मित्र. असे मित्र प्रत्येकाला असतात.) मग खऱ्या नवरदेवाचा आवाज आला, "इथे लई गार आहे! इकडेच या ना!"

नवरीने कोणाला काही विचारलं नाही. शालू सावरला आणि सरळ केळीत शिरली. दोन झाडांच्या मधे अंतरपाट धरला आणि उरलेल्या मंगलाष्टका तिथेच झाल्या. अक्षता पानांवर तडतडत होत्या. सगळ्यात पुढे उभे राहून आबा टाळ्या वाजवत होते. मला मात्र भरून आलं होतं. आमचं लॉन एका दुपारीत संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ट्रॅक्टरला नांगर जोडला. मी आणि मनीषा बांधावर उभे होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरदेवाचे काका.

"भाऊ, आमनी पोरनं लगीन बी तठेच लावनं शे. पन लॉनवर नको हं. केळीमा!"

मी काही बोलायच्या आत आबांनी ट्रॅक्टरवरून उतरून फोन माझ्या हातातून घेतला. "कोनती तारीख?" त्यांनी विचारलं. मग फोन खिशात टाकून ते परत ट्रॅक्टरवर चढले आणि लॉन नांगरून काढलं.

आता तिथे केळी उभी आहे आणि केळीत लग्नं लागतात. तारखा आबा देतात, मंडळींशी आबा बोलतात, आहेराचा फेटाही आबांनाच बांधतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे कामाला आहोत. मनीषाला त्यांनी कायम केलंय. मी अजून तात्पुरता आहे.