आफताबचा झेंडा कोणी जाळायचा

सकाळी पाच वाजून अठरा मिनिटांनी इब्राहीम मुकादमने दोरीला हात घातला. दोह्याच्या उत्तरेला, अल दुहैलमध्ये, एका अमेरिकन कंपनीचं कंपाउंड आहे. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर काम करणारे तिचे इंजिनिअर तिथं कुटुंबासह राहतात. क्लबहाउससमोरच्या अंगणात एक खांब आहे, बाहेरच्या रस्त्यावरून दिसू नये इतपतच उंच. त्यावर अमेरिकेचा झेंडा सूर्योदयाला चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा, हे इब्राहीमचं काम. बाकी दिवसभर तो पोहण्याचा तलाव, पंप आणि बागेतले नळ बघतो.

त्या दिवशी अकरा सप्टेंबर होता. न्यूयॉर्कचे दोन टॉवर पडले त्या दिवसाची आठवण म्हणून झेंडा अर्ध्यावर ठेवायचा असतो. पण तो थेट अर्ध्यावर बांधायचा नाही. आधी टोकापर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचं आणि मग सावकाश खाली घ्यायचा. इब्राहीमने तसंच केलं. हवेत एवढी वाफ होती की चष्मा धुरकटला आणि शर्ट पाठीला चिकटला. वारा नव्हता. झेंडा खांबाला लोंबत राहिला.

दोरी बांधून तो पंपाच्या खोलीत गेला आणि त्याने लोखंडी कपाट उघडलं. आत क्लोरीनच्या डब्यांवर एक पिशवी होती. पिशवीत दुसरा झेंडा होता, त्याच्या भावाचा. लाल पट्टे विटकरी झालेले, कडेच्या चिंध्या झालेल्या. आज संध्याकाळी त्याला निरोप द्यायचा, असं इब्राहीमने ठरवलं होतं. पुतण्या जियाद तो अमेरिकेहून घेऊन आला होता आणि त्यासाठीच दोन दिवस दोह्यात थांबला होता.

मुकादम मूळचे बाणकोट खाडीच्या काठचे. थोरला आफताब अमेरिकेला गेला, धाकटा इब्राहीम कतारला आला. आफताबचं न्यू जर्सीत दूध, ब्रेड, सिगारेटी विकणारं दुकान होतं. टॉवर पडले त्या आठवड्यात तिथल्या प्रत्येक घरावर झेंडा लागला. आफताबनेही आणला आणि दुकानाच्या काचेला आतून चिकटवला. गल्ल्यावरून बघून बघून नीट लावला, तारे डावीकडे. रस्त्यावरून ते अर्थातच उजवीकडे दिसत होते. दुसऱ्या दिवशी समोरची एक म्हातारी तावातावाने आत शिरली. आफताबला वाटलं, आता ही काय बोलणार. ती म्हणाली, "उलटा लावलायस. शिडी आण." तिने स्वतः वर चढून तो सुलटा केला. त्यानंतर मरेपर्यंत ती दूध त्याच्याकडूनच घेत राहिली. त्याच काचेवर त्याच महिन्यात कोणीतरी दगडही मारला. काच फुटली, झेंड्याला काही झालं नाही.

पुढे कधीतरी इब्राहीमने फोनवर विचारलं होतं, "भाय, खरा सांग. भीतीन लावलंस का पिरतीन?"

आफताब हसला होता. "पयल्या वर्षी भीतीन. दुसऱ्या वर्षी काढायची भीती. मंग सवय झाली. आता कोण उतरवाया आला तर मारामारी करीन."

इब्राहीम कंपाउंडवर लागला तेव्हा तिथं हॉलंडसाहेब होते. निवृत्त सैनिक, कंपनीचे सुरक्षा अधिकारी. झेंड्याची घडी कशी घालायची, हे त्यांनीच इब्राहीमला शिकवलं: आधी लांबट, मग तिरकी, शेवटी फक्त निळं आणि तारे दिसणारा त्रिकोण. झेंडा जुना झाला की तो कचऱ्यात टाकायचा नसतो, मानाने जाळायचा असतो, हेही त्यांनी सांगितलं. अकरा सप्टेंबरला सूर्यास्तानंतर ते क्लबहाउसमागे बार्बेक्यूच्या पिंपात वर्षाचा फाटका झेंडा जाळत. सगळी घरं बाहेर येत. बायका, पोरं, नेपाळी वॉचमन, फिलिपिनो आया, सगळे उभे राहत. पहिल्या वर्षी कापडाचं एक टोक हॉलंडसाहेबांनी धरलं आणि दुसरं धरायला इब्राहीमला बोलावलं. तो कचरला. साहेब म्हणाले, "रोज चढवतोस तू. आज धरायला लाजतोस?"

काचेवरच्या झेंड्याची हकिगत ऐकल्यावर साहेब म्हणाले होते, "तुझ्या भावाचा झेंडा थकला की इथं पाठव. इथं जाळू. सगळे उभे राहतील."

इब्राहीमने हे आफताबला कळवलं. "अजून मजबूत हाय," आफताब म्हणाला. मग हॉलंडसाहेब मायदेशी गेले. दोन हिवाळ्यांपूर्वी आफताब न्यू जर्सीतच वारला, तिथंच दफन झाला. इब्राहीमला जाता आलं नाही. राहिला तो झेंडा.

दुपारी नमाज उरकून त्याने गावी फोन लावला. बायको जैतून गावच्या घरीच असते.

"मॅडमना विचारलांव का?" तिने विचारलं.

"आता विचारतो."

"मंग येवढे दिवस काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती? विचारा. आनि ऐका, त्या नाय म्हनल्या तर तुमी शानपना करून काडी लावू नका. तुमचा नाव इब्राहीम. अमेरिकेचा झेंडा जाळताना कोनी मोबाइल काढला, तर तुमी मानान जाळत होतांव का रागान, ता इचारायला कोन थांबनार नाय."

"म्हनून तर मॅडम पायजेत."

"आफताबभायचा कापड हाय. नायतर घरी घेऊन या. मी पेटीत ठेवीन."

मॅडम म्हणजे कॅरोलाइन, कंपाउंडच्या मॅनेजर. टॉवर पडले तेव्हा ती बालवाडीत होती. बाई सरळ, कामगारांशी नीट बोलणारी. ती आल्यापासून अंगणातला कार्यक्रम होत नाही. इब्राहीमला वाटे, तिला जाळण्याची रीत माहीत नसावी. म्हणून ऑफिसात तो आधी हिंदीमिश्रित इंग्रजीत ती रीत समजावून सांगू लागला.

तिने मध्येच थांबवलं. "माहीत आहे, इब्राहीम. माझे आजोबा दरवर्षी करायचे. मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे."

"मग मॅडम, आज पाच मिनिटं. माझा भाऊ. त्याचा मुलगा आलाय. मी सगळी तयारी करतो. काडी फक्त तुम्ही लावा. मी लावू शकत नाही. माझं नाव..."

"कळलं." ती खिडकीतून खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीही लावू शकत नाही."

इब्राहीमला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

तिने सांगितलं ते असं. गेल्या वर्षी तिने नुसतं विचारून पाहिलं होतं, कार्यक्रम करू या का? रहिवाशांच्या ग्रुपवर तीन दिवस भांडण झालं. काहींना भाषण हवं होतं, काहींना भाषण करणारा माणूस नको होता. एकाने लिहिलं, आमच्या पक्षाचे लोकच खरे देशभक्त. दुसऱ्याने लिहिलं, त्या दिवसाच्या नावावर पुढे जी युद्धं झाली त्यांच्यासाठीही उभे राहा. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन घरांच्या पोरांचं एकत्र पोहणं बंद झालं. "आता मी झेंड्याला काडी लावताना कोणी व्हिडिओ काढला, तर निम्मे म्हणतील अपमान केला, निम्मे म्हणतील तमाशा केला. हेड ऑफिसला फक्त व्हिडिओ दिसेल."

"हॉलंडसाहेबांच्या वेळी सगळे उभे राहायचे," इब्राहीम म्हणाला.

"तेव्हा सगळे घाबरलेले होते. आताही घाबरलेले आहेत, पण एकमेकांना." मग ती म्हणाली, "डिसेंबरमध्ये मी घरी जाते. आमच्या गावात जुने झेंडे टाकायची पेटी आहे. मी घेऊन जाईन. ते व्यवस्थित करतात."

"कसं करतात?"

"पोती भरली की एकत्र."

"कोणी उभं असतं का?"

ती खोटं बोलली नाही. "माहीत नाही."

इब्राहीमने मान हलवली. तो उठला, तेव्हा ती म्हणाली, "आणखी एक. मेल आजच आलाय, तुला उद्या सांगणार होते. रोजचा झेंडा बंद. चार जुलैला आणि शहीद सैनिकांच्या मेमोरियल डेला तेवढा चढवायचा. खलास." तो अरबी शब्द तिने हळूच उच्चारला, आणि लगेच पुस्ती जोडली, "तुझ्या नोकरीला काही होणार नाही."

"शुक्रन, मॅडम," तो म्हणाला.

सूर्यास्ताच्या थोडं आधी जियाद टॅक्सीने आला. सत्तावीस वर्षांचा, बापासारखाच रुंद कपाळाचा. त्याला मराठी समजते, उत्तर तो इंग्रजीतून देतो. इब्राहीमने खांबाखालीच त्याला सगळं सांगितलं. जियाद चिडेल असं त्याला वाटलं होतं. जियादला नवलही वाटलं नाही.

"चाचा, तिकडेही तसंच आहे," तो म्हणाला. "अब्बा गेल्यावर मी तो दुकानाच्या काचेवरून काढून घराच्या दारावर लावला होता. लोक गाडीतून जाताना हॉर्न वाजवून अंगठा दाखवायचे. त्यांना वाटायचं, मी त्यांच्या बाजूचा. माझेच मित्र हळूच विचारायचे, तुझं घरही त्यांच्यातलं झालं का? कोणाच्याच डोक्यात अब्बा नव्हते. लावूही शकत नव्हतो, टाकूही शकत नव्हतो. वाटलं, तुम्ही झेंड्याचं काम करता, तुम्हाला ठाऊक असेल काय करायचं."

"ठाऊक हाय रे," इब्राहीम म्हणाला. "करनारा नाय."

"आपण दोघं गुपचूप, समुद्रावर?"

"इब्राहीम आनि जियाद? रात्री समुद्रावर अमेरिकेचा झेंडा पेटवनार?" इब्राहीमने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुझा पासपोर्ट तुला वाचवंल. मला जैतून पन वाचवनार नाय."

जियाद पहिल्यांदाच हसला. मग त्याने तोंड फिरवलं.

सूर्य मावळत आला. अर्ध्यावरचा झेंडा उतरवण्याआधी पुन्हा टोकापर्यंत न्यावा लागतो. इब्राहीमने तो वर नेला, क्षणभर थांबला आणि खाली घेतला. एक टोक त्याने जियादच्या हातात दिलं. त्याला घडी येत नव्हती. अमेरिकेत जन्मलेल्या त्या मुलाला बाणकोटच्या चुलत्याने ती दाखवली: आधी लांबट, मग तिरकी. पहिला त्रिकोण वाकडा झाला. उलगडून पुन्हा घातला.

"आता अब्बाचा," जियाद म्हणाला.

इब्राहीमने पिशवी आणली. आफताबच्या झेंड्याचं कापड इतकं विरलं होतं की घडी घालताना कडेचा दोरा निघून जियादच्या बोटाला गुंडाळला गेला. त्याने तो तोडला नाही, खिशात ठेवला. समोरच्या घरातली एक बाई पोराला हात धरून आत नेत होती. पोराने वळून पाहिलं, "ते काय करतायत?" असं विचारलं. बाईने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. क्लबहाउसच्या दारात कॅरोलाइन आली होती. ती पायरी उतरली नाही. पण घडी पूर्ण होईपर्यंत आतही गेली नाही.

पिंप क्लबहाउसमागे थंडच राहिलं.

"मॅडमजवळ देऊ का, पेटीत टाकायला?" इब्राहीमने विचारलं.

जियादने मान हलवली. "पोत्यात नको," तो म्हणाला. "तुमच्याजवळ राहू दे." त्याचं विमान रात्री होतं. त्याने चाचाला मिठी मारली आणि तो फाटकाकडे चालू लागला.

इब्राहीमने कपाटातले क्लोरीनचे डबे एका बाजूला सरकवले. दोन्ही त्रिकोण शेजारी शेजारी ठेवले, एक कोरा, एक विटलेला, आणि कुलूप लावलं. मग बाहेर येऊन त्याने मोकळी दोरी खांबाला घट्ट गुंडाळली, वाऱ्याने आपटून आवाज होऊ नये म्हणून. कंपाउंडच्या फळ्यावर कॅरोलाइनने नवं वेळापत्रक लावलं होतं. बारा सप्टेंबरला दोह्यात सूर्योदय पाच वाजून अठरा मिनिटांनी आहे. इब्राहीमची ड्यूटी आता सहाला सुरू होते, तलावाच्या पंपापासून.