चौथ्या आणि पाचव्या गाळ्याचा सौदा

घोड नदीवरच्या एका बंधाऱ्याच्या चेअरमननं मला फसवलं. माल ताब्यात घेतल्यावर, दिलेला शब्द मोडून फसवलं. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण गावानं मला फसवलेलं नाही. चेअरमनचंही लिहीत नाही. ते वाचतील तेव्हा त्यांना कळेलच.

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. घर शिरूरला, पण आठवड्यातले चार दिवस गाडीतच जातात. न्हावरे, चौफुला, यवत, मग दौंड, आणि गिऱ्हाईक असेल तर थेट सोलापूरपर्यंत. ट्रॅक्टर बघायचा, त्याला नावं ठेवायची, उठायचं आणि चप्पल घालायला भरपूर वेळ लावायचा. मालक मागून हाक मारतोच. कुणाचं भांडवल नसताना मी असाच उभा राहिलो.

मासे पकडायचा नाद मला सौद्यातूनच लागला. रांजणगावच्या एका कारखान्यातला परदेशी इंजिनिअर मायदेशी निघाला होता. त्याचा फ्रीज मी घेतला. भाव ठरला, पण वर काही घेतल्याशिवाय उठायची मला सवय नाही. कोपऱ्यात एक लांब, बारीक काठी उभी होती, ती मागितली. त्याचा चेहरा पडला. म्हणजे वस्तू चांगली असणार, म्हणून मी हट्टालाच पेटलो. शेवटी त्यानं दिली, पण जायच्या आधीचे तीन रविवार मला नदीवर नेऊन ती चालवायला शिकवली.

या काठीला गांडूळ लागत नाही. गळावर कोंबड्याचं पीस दोऱ्यानं बांधून खोटी माशी करायची. काठीचा जाड दोर डोक्यावरून मागं-पुढं झुलवायचा आणि माशी पाण्यावर अशी टेकवायची, की माशाला ती आपसूक पडली असं वाटलं पाहिजे. घाई केली की मासा गेला. गिऱ्हाइकासारखंच.

मग मी धंद्याच्या रस्त्यावर थांबे शोधायला लागलो. पूल आला की गाडी बाजूला घ्यायची आणि कठड्यावरून वाकून बघायचं. भीमेवर बघावं तिथं जलपर्णी, माशी टाकली तर पानावरच बसायची. दौंडच्या अलीकडं पाण्याला असा वास होता, की मी काठी बाहेरच काढली नाही. खुटबावकडं एकानं शेततळ्यावर उभं राहू दिलं. चिलापी मिळाली, पण तळ्याचा मालक बांधावर बसून सारखा ओरडत होता, "शेठ, चाबूक झ्याक हाय! बैल कवा आणताय?" त्याचा ट्रॅक्टर मी नंतर घेतलाच नाही.

सहा वर्षांत मनासारखा थांबा एकच मिळाला. तो या बंधाऱ्याखाली.

बंधारा कोल्हापूर पद्धतीचा. खांबांमधल्या मोकळ्या जागांना गाळे म्हणतात. पावसाळा संपला की त्या गाळ्यांत लोखंडी ढापे बसवून पाणी अडवायचं. तिथल्या चौथ्या आणि पाचव्या गाळ्यातले ढापे एका अवकाळी पुरात ओंडका आदळून वाकलेले. त्यांतून वर्षभर पाणी गळायचं. ते खडकांवरून गुडघाभर खोलीनं पळत जाऊन खालच्या डोहात पडायचं, आणि त्या पळत्या पाण्यात खडस होता. खडस म्हणजे वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा, सोनेरी आणि मोठ्या खवल्यांचा. आमच्याकडं तो आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलाय. मला तो दिसला तेव्हा पहिल्यांदा विश्वास बसला नाही. दुसऱ्या फेरीला लागला. हाताच्या कोपरापर्यंत लांब. मी तो पाण्यातच धरला, गळ काढला आणि सोडला.

काठावर ढापे बसवायचं काम करणारे मामा मेंढरं घेऊन बसले होते. ते उठूनच उभे राहिले.

"सोडला? आवो, हाताला लागलेलं सोडत्यात व्हय?"

"परत धरायला यायचंय मला, मामा."

"त्यो काय तुमची वाट बघत बसनार हाय?"

पण बसायचा. दोन वर्षं दर पंधरवड्याला मी त्या पाण्यात उभा राहिलो. धंद्यात कुणी शिव्या दिल्या, कुणी चेक परत आणला, तरी डोकं तिथं निवायचं. माझं डोकं निवतं अशी दुसरी जागा माझ्या बायकोलाही माहीत नाही.

मग बंधाऱ्याचं पाणी वाटणाऱ्या संस्थेच्या चेअरमननी मला गाठलं. वयानं मोठे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणायचो. ढाप्यांमधल्या रबरी पट्ट्या कुजल्या होत्या, सगळेच गाळे गळत होते आणि वरच्या शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी फेब्रुवारीतच उघड्या पडत होत्या. भंगारवाल्यांशी माझी ओळख आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, रबर आणून देतो, मला त्यात कमिशन नको. फक्त चौथ्या आणि पाचव्या गाळ्याला हात लावायचा नाही. पाणी पळतं राहिलं पाहिजे.

आप्पा हसले. त्यांची सारी हयात बैलबाजारात गेलेली. त्यांनी खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं, जसं व्यापारी टाकतात, भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून. उपरण्याखाली त्यांनी माझी दोन बोटं दाबली. दोन गाळे. "झालं बगा शेठ," म्हणाले. "ह्या खालचा शब्द बैलबी मोडत न्हाई."

कागद केला नाही. उपरण्याखालच्या सौद्याला कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

भंगारवाल्याकडं मी घासाघीस केली, चप्पल घालायला पाऊण तास लावला आणि मोजून लागत होतं त्यापेक्षा एक जादा गुंडाळी वर काढली. मोठ्या ऐटीत सगळा माल बंधाऱ्यावर उतरवला. जादा गुंडाळी घरी न्यायला हवी होती. पण फुकट आणलेली वस्तू लोकांना दाखवायची हौस मला नडली. एवढी चूक माझी. चूक वेगळी आणि फसवणूक वेगळी.

मार्चपर्यंत पाणी पळत होतं. मग कर्नाटकात एक मोठं काम निघालं आणि मी तीन आठवडे तिकडंच होतो. परत येताना गाडी थेट बंधाऱ्यावर नेली.

खडक कोरडे होते. पांढरे पडलेले. चौथ्या आणि पाचव्या गाळ्यात वाकलेल्या ढाप्यांच्या फटीत माझं जादा रबर ठासून बसवलं होतं, वरून चिखल लिंपला होता. थेंब गळत नव्हता. डोह आटून डबकं झालं होतं आणि पाणी हाताला कोमट लागत होतं.

"शेठ, उशीर क्येला," मामा म्हणाले. "चार दिस मासं वर तोंड काडून होतं. मग पोरं उतरली, घमेल्यानं उचाललं. तुमचं सोनेरी बी गेलं."

"रबर कुणी लावलं?"

"म्याच लावलं. आप्पा म्हनलं लाव. म्या म्हनलं, शेठला फोन करा. म्हनलं, करतो."

मी आप्पांच्या दारात गेलो. ते खाटेवर बसले होते. चहा सांगितला. मी नको म्हणालो.

"आपलं काय ठरलं होतं, आप्पा?"

"कशाचं?"

"दोन गाळ्यांचं. उपरण्याखाली."

"आवो, ती गंमत होती. मासं मोठं का ऊस मोठा? म्हैनाभर पानी जास्ती पुरंल, गाव तुमचंच नाव घेतंय. तुमीच रबर दिलं जादा."

"दिलं म्हणजे लावायला सांगितलं का?"

"मग काय पूजायला दिलं?" ओट्यावर बसलेली चार माणसं हसली.

मी तिथं जे बोललो ते छापता येणार नाही. पण त्या हसण्यात एक गोष्ट दबून गेली, ती इथं मांडतो. उसाला पाणी कमी पडत होतं हे मला मान्य आहे. फोन केला असता तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो, आणि शेवटी एक गाळा सोडून दिला असता. निम्मं पाणी पळतं राहिलं असतं, खडस जगले असते. सौदा असाच होतो. मला तो करू दिला नाही. आणि आप्पा, मासे तडफडत होते ते चार दिवस फोन तुमच्या खिशातच होता.

म्हणून, आप्पा, पुढच्या ग्रामसभेत मी येणार आहे. मागं बसणार नाही. सगळ्यांसमोर तुम्ही उभं राहून सांगायचं: माझी बोटं दाबली होती की नाही? आणि दाबली असतील, तर त्या नदीत पुन्हा खडस आणून कोण सोडणार? मामा नव्हे, पोरं नव्हे. तुम्ही सांगा.