डाव्या दरवाजाची वायर

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. नट सुटला नाही की मी हातोडा उचलायचो, आणि गिऱ्हाईक जास्त शहाणपणा करायला लागलं की हातोडा खाली ठेवून गिऱ्हाइकाकडे वळायचो. पोलीस चौकीतही बसून आलेलो. आई म्हणायची, "तुझे अंगात वारं शिरतं रं, कुनाचा तरी जीव घेशील." आम्ही कळव्याचे कोळी. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं, मासळी मेली, बाबांनी होडी विकली आणि त्यानंतर ते फार जगले नाहीत. मी गाड्यांच्या वायरी जोडायला शिकलो आणि एक गाळा भाड्याने घेतला.

नव्वदनंतरची गोष्ट. तेव्हा गाडीला सेंट्रल लॉकिंग बसवायचं नवीनच खूळ आलेलं. गाडी साधीच यायची. बाजारातून एक डबा, मोटरी आणि वायरींचं भेंडोळं आणायचं, दरवाजे खोलून आत बसवायचं. ड्रायव्हरने आपल्या दरवाजाचं बटण दाबलं की बाकीचे तिन्ही दरवाजे खट्‌कन बंद. लोकांना त्या आवाजाचंच कौतुक. काम झालं तरी गाळ्यासमोर उभे राहून खटखट करत बसायचे, मी ओरडेपर्यंत.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा डोंबिवलीला राहायचा. बिल्डरांना रेती आणि विटा पुरवायचा, खिसा गरम असायचा. त्याने सेकंडहँड गाडी घेतली आणि लगेच लॉकिंग बसवायला माझ्याकडे आणली. वर म्हणाला, "मेव्हणे, माझा दरवाजा सोडून बाकी तिघांची ती काचेजवळची बटणं काढून टाका. चोर फटीतून तार घालून ओढतात." बरोबरच होतं, तेव्हा चोर तेच करायचे. मला वाटलं, माणूस हुशार आहे. मी बटणं काढून दिली. आता आत बसलेल्याला दरवाजा उघडायचा तर ड्रायव्हरचीच मर्जी, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

पैशांचं नावही काढलं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला उलट बोलायचं नाही, त्याने मागितलं ते द्यायचं, हे आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवासारखं. तो आला की आई धावत पापलेट आणायची आणि मधला तुकडा त्याच्या ताटात. मला शेपटी.

महिनाभरात गाडी परत आली. डावा पुढचा दरवाजा लॉक होत नव्हता. बहीण त्याच सीटवर बसलेली, उतरली नाही. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तर त्या दरवाजाचं सॉकेट डब्यातून निसटलेलं. खोचलं, झालं काम. थोड्या दिवसांनी परत तेच. या वेळी दाजी तापून आलेले. बोनेटवर अशी मूठ हाणली की पत्रा दबला. "काय काम करतो रे तू? बाईमाणूस बरोबर असतं, सेफ्टी नको?" माझा करंट बघायचा टेस्ट लॅम्प उचलला आणि भिंतीवर फोडला. कॉलर धरली. दुसरा कोणी असता तर मी त्याची बत्तीशी तिथेच हातात दिली असती. पण जावई! मी दात आवळले, सॉकेट खोचलं, वरून तार आवळून बांधली आणि टेप गुंडाळली. बहिणीला म्हणालो, "अगं, जरा पाय सांभाळून ठेव ना. लाथ लागते तुझी." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. घरी जाऊन मी आईला म्हणालो, या माणसाला एकदा धुवायला पाहिजे. आई म्हणाली, "जावयावर हात उचललास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मग एका दुपारी गाडी पुन्हा दारात. पुन्हा तोच दरवाजा. सॉकेट जागच्या जागी, मी बांधलं तसं. फ्यूज ठीक. च्यायला, मग मोटर गेली असणार. दरवाजाचं आतलं पॅड उचकटून काढलं, मोटरला थेट बॅटरीची वायर लावली, तर मोटर खणखणीत. आतली सळई वर-खाली होत होती. म्हणजे डबा चांगला, मोटर चांगली, लोच्या मधे कुठेतरी. मधे एकच जागा असते, दरवाजा आणि गाडीचा खांब यांच्यातली रबरी नळी, जिच्यातून वायरी जातात. मी नळी मागे सरकवली.

वायर झिजून तुटली की तांब्याचे केस पिंजारतात. ही दोन्ही टोकं सरळ कापलेली, विळीवर भेंडी चिरावी तशी. मी वर बघितलं. बहीण सीटवर बसून माझ्या हातांकडे बघत होती. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला, आणि पदराच्या कडेला मानेवर बोटांचे निळे वळ. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अंगातलं रक्त नुसतं उकळलं. पण नवरा माझ्या मागेच उभा होता. वायर तिने कापलीय हे त्याला कळलं, तर घरी नेऊन तो तिला जिवंत ठेवणार नाही, एवढं मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

"उंदीर," मी म्हणालो. "घुशी झाल्यात तुमच्या बिल्डिंगखाली."

"असं?" तो म्हणाला. "जोड मग."

आवाज एकदम थंड. मी झटपट टोकं पिळली, टेप मारली, त्याला दिसू नये म्हणून. मला वाटलं, फसला. आता याला चहाला न्यायचं आणि बहिणीला मागच्या मागे रिक्षात बसवून कळव्याला धाडायचं, असं मी मनात जुळवत होतो. तो वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसला. "बघू चालतंय का. तो दरवाजा लाव." मी लावला. त्याने आपलं बटण दाबलं.

खट. सगळे दरवाजे बंद, काचा वर.

"उंदीर काय गं?" एवढंच मला काचेतून ऐकू आलं. त्याने तिचे केस धरले आणि तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. परत उचललं, परत आपटलं. मी दरवाजा ओढतोय, काचेवर बुक्क्या मारतोय, शिव्या देतोय, आणि आत तो दात-ओठ खाऊन तिला हाणतोय. चावी माझ्या खिशात होती म्हणून, नाहीतर गाडी घेऊन गेला असता. लॉक कसलं फक्कड बसलेलं! माझंच काम. मी व्हीलपाना आणला आणि त्याच्या बाजूच्या काचेवर घातला. काच तडकली. दुसऱ्या घावाला फुटली. मी हात आत घातला, त्याची मान पकडली, माझा हात कोपरापर्यंत सोलवटला तरी सोडली नाही. तरी त्याच्या हातातून तिचे केस सुटत नव्हते.

तेवढ्यात पलीकडून एकटाच आवाज आला, खट. दरवाजाचं पॅड मी काढलेलं होतं, आतली सळई उघडीच होती. कपाळाचं रक्त डोळ्यांत आलेलं, तरी बहिणीने चाचपून ती सळई वर ओढली. बटण काढलेल्या दरवाजातून ती केसांचा एक पुंजका त्याच्या मुठीत ठेवून बाहेर पडली आणि ऑइलने काळ्या झालेल्या जमिनीवर कोसळली.

मग मी त्याला काचेतून बाहेर खेचला आणि मारला. पाना फेकून दिला होता, हातांनीच मारला. नाक फुटलेलं मला कळलं, दात पडलेले कळले, तरी हात थांबेना. जावयाचा सगळा मानपान एका दुपारी केला. शेजारच्या लेथवाल्यांनी मला कमरेला धरून ओढलं, नाहीतर तो मेला असता आणि मी खडी फोडायला गेलो असतो. त्याला मारल्याची मला आजही खंत नाही. तो रक्त पुसत, धमक्या देत हमरस्त्याकडे पळाला. गाडी तिथेच राहिली.

मी बहिणीला रिक्षात घालून कळव्याला आणली. आई दारात बसून मासे साफ करत होती, समोर टोपली, हातात कोयती. पोरीचं तोंड बघून ती उठली नाही. बहीण तिच्याजवळच ओट्यावर बसली. मी पाणी आणलं आणि माझा भडका उडाला.

"मला सांगायला काय झालेलं तुला?"

"सांगत तर होते," ती म्हणाली. ओठ सुजलेले, शब्द फुटत नव्हते. "घरी मारलं की शेजारी ऐकतात, म्हणून गाडीत घालून न्यायचा. ते सॉकेट मीच काढायचे. वाटलं, तुझ्याकडेच येईल गाडी, तुला समजेल. तू प्रत्येक वेळी परत जोडून दिलंस."

"अगं पण तोंड नव्हतं का? तोंडाने सांगायचं ना!"

"तोंडाने आईला सांगितलेलं."

मी आईकडे वळलो. दाढा आवळल्या गेल्या, मूठ वळली, आणि समोर माझी आई. तिने कोयती खाली ठेवली. मग माशांच्या खवल्यांनी भरलेल्या दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारायला लागली. फाट, फाट. गल्लीतल्या बाया दाराशी आल्या. मी जागचा हललो नाही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, मारू दे.

शेवटी बहीणच उठली. खांबाला धरत धरत आईसमोर बसली आणि तिने आईचे हात धरले. म्हणाली, "बस झालं आता मारणं."